भारतीय फुटबॉल संघाचा तक्ता : विजय आहेत, हैदराबाद नाही

परभणीत स्टेशन रोडवरील क्रीडासाहित्याच्या एका दुकानात भारतीय फुटबॉल संघाच्या इतिहासाचा मराठी तक्ता साडेतीनशे रुपयांना मिळाला आणि शाळेच्या क्रीडाकक्षासाठी तो घेतला. क्रिकेट, कबड्डी आणि खो-खोच्या तक्त्यांना आपल्याकडे तोटा नाही; फुटबॉलचा, तोही मराठीतला तक्ता मराठवाड्यात सहसा पाहायला मिळत नाही, त्यामुळे त्याची दखल घेणे आवश्यक वाटले. कागद जाड आहे, लॅमिनेशन नीटनेटके आहे आणि ठळक अक्षरे शेवटच्या बाकावरूनही वाचता येतात.

मांडणी सालवार आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नागा टेकड्यांमधून आलेल्या डॉ. टी. आव यांच्या नेतृत्वाखाली, बहुतांश अनवाणी खेळाडूंच्या संघाने फ्रान्सला झुंजवले, दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि सारंगपाणी रामन यांच्या गोलनंतरही १-२ अशी हार पत्करली, हा तपशील नेमका आला आहे. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मेवालाल यांच्या गोलने इराणवर मिळवलेला विजयही आहे. १९५० च्या चौकटीत मात्र जुनीच दंतकथा छापली आहे : अनवाणी खेळायला परवानगी नाकारली म्हणून भारत ब्राझीलच्या विश्वचषकाला गेला नाही. वास्तविक भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वेळी संघनिवडीतील मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणे दिली होती. शिवाय ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व तेव्हाच्या धुरीणांना फारसे वाटत नव्हते. मुलांच्या डोक्यात एकदा बसलेली अशी गोष्ट काढताना शिक्षकांच्या नाकी नऊ येतात, त्यामुळे ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. संघ कधी जिंकला हे तक्ता सांगतो. तो कोठून घडला हे सांगत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या चौकटीत ऑस्ट्रेलियावरील ४-२ असा विजय आहे, नेव्हिल डिसोझा यांची हॅटट्रिक आहे, उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई संघ हा मानही नोंदवला आहे; परंतु खालच्या पट्टीतील खेळाडूंची यादी फिकट अक्षरांत असून कोणाच्याही नावापुढे गाव किंवा क्लब दिलेला नाही. त्यातच नूर महंमद हे नाव दोन ओळींत तुटल्यामुळे एका खेळाडूचे दोन झाले आहेत. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांची बोळवण एका ओळीत झाली आहे. मूळचे शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाला १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा मुंबईतील रोव्हर्स चषक ही फुटबॉल स्पर्धा जिंकून दिली, तेव्हा परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो सामना झाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या पणजोबांच्या राज्यातला हा फुटबॉल होता, हे मराठी तक्त्याने सांगायचे नाही तर कोणी सांगायचे?

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची चौकट सर्वांत सरस उतरली आहे. डोक्याला जखम झालेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला रहीम यांनी आघाडीला खेळवले आणि अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी यांच्यासोबत त्यानेही गोल करून दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले, हा प्रसंग चित्रांतून क्रमाने उलगडला आहे. मुले तेथे हटकून थांबतात. कर्णधार चुनी गोस्वामी कोलकात्याचे, जर्नेल पंजाबचे, तर बलराम आणि गोलरक्षक थंगराज सिकंदराबाद-हैदराबादचे, एवढा एक नकाशा शेजारी छापला असता तर संघाची जडणघडण वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

रहीम १९६३ मध्ये कर्करोगाने गेले आणि तक्ताही तेथून घाईने पुढे सरकतो. १९६४ च्या आशिया चषकाचे उपविजेतेपद आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील कांस्यपदक एकेका ओळीत उरकले आहे. त्या कांस्यविजेत्या संघाचे कर्णधार नईमुद्दीन हेही हैदराबादचेच. पुढच्या काळातील आघाडीचे खेळाडू आय. एम. विजयन आणि बायचुंग भुतिया यांची छायाचित्रे छान आहेत. सुनील छेत्री २०२४ मध्ये निवृत्त झाल्याची नोंद आहे, मात्र २०२५ मध्ये ते पुन्हा संघात परतले, हे त्यात नाही. आजच्या संघात मणिपूर आणि मिझोरमच्या खेळाडूंची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे, त्याविषयी एक अवाक्षर नाही. महिला संघाला तर जागाच दिलेली नाही. महिलांच्या आशिया चषकात दोनदा उपविजेता ठरलेल्या संघाला एक चौकटही मिळू नये, हे मुलींच्या शाळेत टांगायच्या तक्त्याला शोभत नाही.

किंमत पाहता शाळांनी तो घ्यायला हरकत नाही, फक्त १९५० च्या चौकटीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून मगच भिंतीवर लावावा. दुकानदार घडी घातलेला तक्ताही त्याच दरात देतो, पण घडीच्या रेषेवर लॅमिनेशन उकलते आणि ती रेषा नेमकी जकार्ताच्या चित्रांवरून जाते, त्यामुळे गुंडाळीच मागून घ्यावी.