नऊ महिने वापरलेला गुडघा

माझा उजवा गुडघा गेल्या डिसेंबरात मिरजेला बदलला. डावा अजून जन्मजातच आहे, त्यामुळे नवा आणि जुना असे दोन्ही सध्या एकाच वेळी वापरात आहेत. वय ६६, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी फळ्यापुढे उभ्याने. राहायला तासगाव.

ऑपरेशननंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला होता : "किती वाकतो?" जाऊबाई, शेजारच्या काकू, शाळेतल्या जुन्या सहकारी बाई, सगळ्यांना वाकण्याचीच काळजी. सरळ किती होतो, हे एकीनेही विचारलं नाही. मलाही ते सुचलं नव्हतं आणि त्यापायी माझे बरेच आठवडे वाया गेले. हे सगळं लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठी. बाकीची माहिती ओघाने येईल.

निर्णयाला मी सात वर्षं लावली. २००० च्या ऑक्टोबरमध्ये वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला बदलला, अमेरिकेहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते, पुढच्या जूनमध्ये उजवा झाला. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर तीच चर्चा. हे ऑपरेशन पंतप्रधानांसारख्यांनी करायचं, आपण तेल चोळायचं, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे तेलं झाली, लेप झाले, "वंगण" भरायचं म्हणून सांगलीत तीन इंजेक्शनं झाली. त्यांनी चार महिने बरे गेले, नाही असं नाही. पण पाय धनुष्यासारखा बाहेर वाकत चालला, रात्री कुशीवर वळलं की जाग यायची आणि एके दिवशी एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकून मी तशीच उभी राहिले. मागून कंडक्टर म्हणाला, "चला आजी." त्या दिवशी ठरवलं.

ओळखीच्या एकजात सगळ्यांनी सांगितलं की पंधरा वर्षांत पुन्हा बदलावा लागतो. लेकाने शोधून काढलं ते वेगळंच : २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकल्याचं दिसलं होतं. पंचवीस वर्षांनी मी ९१ ची. म्हटलं, गुडघा टिकला म्हणजे झालं, आपलं आपण बघू.

"गुडघा बदलणे" या शब्दाने उगाच घाबरायला होतं. अख्खा सांधा काढून टाकत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं तासतात, वरच्या हाडाला धातूची टोपी, खालच्याला धातूची बैठक, दोन्हींच्या मध्ये टिकाऊ प्लास्टिकची चकती. किडलेला दात तासून त्यावर कॅप बसवतात तसंच काहीसं. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

तारीख खरं तर ऑक्टोबरची होती. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c ची तपासणी) ८.४ निघाली आणि डॉक्टरांनी परत पाठवलं. साखर चढलेली असली की जखमेत जंतू धरण्याचा धोका वाढतो, आणि धातूवर जंतू बसला तर तो निस्तरणं ऑपरेशनपेक्षा अवघड. ७.३ वर आणायला दिवाळी गेली. चकल्या केल्या आणि वाटल्या. त्याच दरम्यान दातांच्या डॉक्टरांकडून एक किडकी दाढ काढून घेतली, लघवीची तपासणी झाली. दाढेचा आणि गुडघ्याचा काय संबंध, असं ह्यांनी तिथेच विचारलं. संबंध रक्ताचा : तोंडातला जंतू रक्तावाटे नव्या सांध्यात जाऊन बसू शकतो.

ही लांबलेली तारीख माझ्या पथ्यावर पडली, कारण दोन महिने मांडीचा व्यायाम झाला. पाय लांब करून गुडघ्याखालचा टॉवेल दाबायचा, मग ताठ पाय वीतभर उचलून धरायचा. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी हे आजपासून सुरू करावं. दुखरा पाय वापरत नाही म्हणून मांडी आधीच वाळलेली असते आणि ऑपरेशननंतर तीच मांडी तुम्हाला उभं करणार असते.

घराची तयारी एका रविवारी उरकली. पलंगाखाली लाकडी ठोकळे घालून तो उंच केला. सतरंज्या आणि पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकली. मोरीत धरायला दांडा बसवला. खालच्या फडताळातले डबे ओट्यावर आले. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास, म्हणून कमोड खुर्ची घेतली. पाय खालीवर करता येतील अशीच घ्या आणि दुकानात बसून बघा, लाजू नका. वॉकर घडीचा, बिनचाकी. दुकानदाराने गुडघ्याला घालायचा पट्टाही बांधून दिला, तो आजही पिशवीत तसाच आहे, डॉक्टरांनी घालू दिला नाही. सगळ्यात उपयोगी पडली ती फुकटची वस्तू : शाळेतून निवृत्तीच्या वेळी मिळालेली हातवाली उंच लाकडी खुर्ची. सोफ्यावर बसलेलं माणूस पहिले दोन महिने उठूच शकत नाही.

दवाखान्याचे चार दिवस थोडक्यात सांगते. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल, वर थोडी गुंगी. सुताराच्या दुकानात बसल्यासारखी ठोकठोक ऐकू येते, दुखत काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभं केलं. मला वाटलं, एवढंच होय! मांडीत दिलेल्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनाचा अंमल त्या रात्री उतरला आणि मग कळलं. दुखणं चढायच्या आधी गोळी घ्यायची, चढल्यावर नाही, हे एका नर्सताईंनी शिकवलं. त्या गोळ्यांनी मळमळ होते आणि पोट साफ होत नाही. इसबगोल घरी आधीच आणून ठेवा. गुडघ्याच्या दुखण्याबद्दल सगळे बोलतात, याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि आता पाय सरळ होऊ न देणारी ती उशी.

घरी आल्यावर पाय कसाही ठेवला तरी ठणकायचा. मदतीला ठेवलेल्या मावशींनी मायेने गुडघ्याखाली जाडजूड उशी सारली आणि काय बरं वाटलं! सुजलेला गुडघा थोडा वाकलेला असला की आतल्या पाण्याला जागा मिळते, ताण कमी होतो, म्हणून तसं वाटतं. मी दिवसरात्र त्या उशीवर पाय टाकून पडायची. एका संस्थेकडून व्यायाम करून घ्यायला घरी फिजिओ यायचा, एका फेरीचे सहाशे रुपये. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने माझी नडगी मागे दाबायची, "आज नव्वद झाले", संपलं. उशी त्याला रोज दिसत होती. एक अक्षर बोलला नाही.

चौदाव्या दिवशी मिरजेला जखमेवरच्या स्टेपल, म्हणजे टाक्यांऐवजी मारलेल्या पिना, काढल्या. वाकणं ९५ अंश, मी खूश. डॉक्टरांनी टाच टेबलावर ठेवायला लावली आणि गुडघ्याखालून हात घातला. आख्खी मूठ आरपार गेली. पाय बारा अंश सरळ व्हायचा राहिला होता. ते म्हणाले, "बाई, वाकणं कमी असलं तर जिना अडेल. सरळ झाला नाही तर प्रत्येक पाऊल अडेल." ते खरंच होतं. वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहिलं की मांडीला क्षणभराचीही विश्रांती नसते, आपण लंगडतो, मग कंबर बोलायला लागते. आणि टाके ताजे असताना जे सहज सुटतं ते तीन महिन्यांनी आतला व्रण घट्ट झाल्यावर सुटत नाही.

फिजिओ बदलला. गावातच एक मुलगी होती, माझ्या एका विद्यार्थिनीची लेक. तिने पहिलं काम काय केलं असेल तर उशी उचलून मावशींच्या हातात दिली. "काकू, उशी टाचेखाली. गुडघा अधांतरी." टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली, गुडघ्याला खाली काहीही आधार नाही, पाय आपल्याच वजनाने सरळ होत राहतो. सुरुवातीला दोन मिनिटांत डोळ्यांत पाणी. मग मी वेळ बांधून घेतली : रेडिओवरच्या सकाळच्या मराठी बातम्या दहा मिनिटांच्या, तोवर पाय हलवायचा नाही. दिवसातून पाचदा. शिवाय पालथं झोपून पाय पलंगाच्या कडेबाहेर लोंबता सोडायचा.

मोजमापाचं काम ह्यांनी घेतलं. माळ्यावर माझा फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक होता. दर रविवारी ते चष्मा लावून जमिनीवर बसायचे आणि वहीत लिहायचे. बारा, नऊ, सात, पाच. पाचवरून शून्याला यायला पुढचे दोन महिने लागले. वाकणं मात्र मागे न लागताही वाढत गेलं.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात झोप नव्हती. दुखतंच असं नाही, पण पाय कुठे ठेवावा ते कळत नाही. बर्फाची पिशवी वीस मिनिटं, मध्ये सुती कापड घालून. मी रात्री दोनला घरात वॉकरची टकटक करत फिरायची. हे दिवस जातात. मात्र पोटरी दुखून घट्ट सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी मध्येच सोडू नका आणि पडल्यापडल्या पावलं वरखाली करत राहा.

घाबरायचं कारण नसलेल्याही काही गोष्टी आहेत, मला कुणी सांगितल्या नव्हत्या. नवा गुडघा सहा महिने हाताला गरम लागायचा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढी जागा बधिर आहे, वरची बारीक नस कापली जाते म्हणून. चालताना कधी कधी आत टक् असा आवाज येतो, धातू आणि प्लास्टिकचा. नातू त्याला "आजीची कॅरम" म्हणतो.

जिन्याचं सूत्र त्या मुलीने दिलं : वर जाताना बरा, खाली येताना दुखरा. म्हणजे चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना ऑपरेशनचा. तीन महिन्यांनी त्याची गरज उरली नाही.

पैशांचं बोलायचं तर दवाखान्याचं बिल दोन लाख चाळीस हजार झालं. विम्याने बहुतेक दिले. हातमोजे, ऑपरेशनच्या वेळी अंगावर पसरायची कापडं असल्या "वापरून टाकायच्या" वस्तूंचे चौदा हजार आमच्या अंगावर पडले. पॉलिसीत सांधेरोपणाला दोन-तीन वर्षं थांबायची अट असू शकते, ती आधी वाचा. गुडघ्याच्या साहित्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा करापूर्वी ५४,७२० रुपये ठरवले होते. म्हणून अंदाजपत्रकात सांध्याची किंमत वेगळ्या ओळीत मागून घ्या आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावलेत ना ते घरी निघण्यापूर्वी बघा. पुढे कधी काही करावं लागलं तर कुठला सांधा बसवलाय ते त्यावरूनच कळतं.

आज वाकणं ११८, सरळ शून्य. सकाळी तीन किलोमीटर चालते. एसटीची पायरी चढते, फक्त दांडा धरून. पाय सरळ झाल्याने उंचीही किंचित वाढली असं साडीच्या निऱ्या सांगतात. मांडी घालून बसणं गेलं. डॉक्टरांनी पाट आणि उकिडवं बसणं नको म्हटलंय. गुडघे टेकले तर खाली दुसऱ्याचं हाड आहे असं वाटतं. यंदा गौरीपुढची रांगोळी सूनबाई काढतील आणि मी खुर्चीवरून चुका काढेन, याचा तिला माझ्यापेक्षा जास्त त्रास होईल. तासगावच्या गणपतीचा रथ मात्र ऋषिपंचमीला रस्त्यावर उभी राहून बघणार आहे. गेल्या वर्षी गच्चीवरून पाहिला होता.

मास्तरीण आहे, मार्क दिल्याशिवाय राहवत नाही : गुडघ्याला शंभरपैकी ८५, मला स्वतःला ६०, त्या मोबाइलवाल्या फिजिओला पुढच्या वर्षी याच वर्गात बसवलं असतं.

डाव्याची तारीख फेब्रुवारीतली घेतलीय. सकाळच्या बातम्या लागल्या की आता दोन्ही टाचांखाली गुंडाळ्या असतात.