जुना पीसी: आधी एसएसडी की रॅम?

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत जुने पीसी बरेच आहेत, आणि दुरुस्तीवाला आला की सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारू. मला तो पटत नाही. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच रखडणं.

त्यापेक्षा विंडोजमधला टास्क मॅनेजर, म्हणजे पीसीचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडून बघा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली चिपवरची डिस्क, लावा. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा माहिती वाचण्याचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबी, साटा (जुन्या पीसीतली डिस्कची नेहमीची जोडणी) एसएसडीचा ५००च्या आसपास. शिवाय हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणारं हेड तबकडीवर जागा शोधत फिरतं, एसएसडीत तो वेळच वाचतो. विंडोज सुरू होताना हा फरक लगेच जाणवतो.

रॅमचं, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीचं, दुखणं वेगळं. ब्राउझरमध्ये वीस टॅब, जोडीला एक्सेल आणि मुलांचा ऑनलाइन क्लास, एवढ्याला ४ जीबी पुरत नाही. मग विंडोज मेमरीतला काही भाग डिस्कवर टाकतं आणि डिस्कही अडकते. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडाही बघाच. ८ जीबी करा, पण रॅमचा प्रकार बघून घ्या: डीडीआर३च्या स्लॉटमध्ये नंतरची डीडीआर४ बसत नाही.

एकाचेच पैसे असतील तर माझं मत एसएसडीला. जुन्या डिस्कवरचे फोटो मात्र आधी दुसरीकडे उतरवून घ्या.