घरच्या कार्यालयातील प्रिंटरचा फॅक्स : अडतो कुठे आणि यंत्र सांगते किती

घरच्या कार्यालयासाठी छपाई, स्कॅन, झेरॉक्स आणि फॅक्स ही चारही कामे करणारे यंत्र घेताना बहुतेक ग्राहक छपाईचा वेग आणि शाईचा खर्च पाहतात; फॅक्सची सोय आहे एवढे खोक्यावर वाचले की त्याबद्दल पुढे चौकशी करत नाहीत. मी वापरत असलेल्या अशाच एका इंकजेट ऑल-इन-वन प्रिंटरचे हे परीक्षण केवळ त्याच्या फॅक्स विभागापुरते आहे आणि त्याला मी एकच कसोटी लावली आहे : फॅक्स अडला, तर तो नेमका कुठे अडला हे शोधण्यास यंत्र किती मदत करते. पाठवणारे यंत्र, घरातली जोडणी, टेलिफोन सेवेचे जाळे आणि पलीकडचे यंत्र अशा चार ठिकाणी बिघाड संभवतो आणि त्यांपैकी पहिली दोनच आपल्या ताब्यात असतात. म्हणून ही कसोटी मला वेगापेक्षाही महत्त्वाची वाटते.

या कसोटीवर यंत्राची सर्वांत चांगली बाजू म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये असलेली फॅक्स चाचणी. ती आतील मॉडेम (मजकुराचे ध्वनिसंकेत करणारा भाग), भिंतीवरील जोडणी, तार योग्य पोर्टमध्ये आहे की नाही, डायल टोन आणि लाइनची स्थिती हे सारे क्रमाने तपासते आणि एका पानाचा अहवाल छापते. ज्या टप्प्यावर चाचणी फसते तिथेच शोध सुरू करायचा, इतकी ती सरळ आहे. मागच्या बाजूला दोन पोर्ट अगदी एकसारखे दिसतात. एक टेलिफोन लाइनचा आणि दुसरा जोडफोनचा. तार दोन्हींत सारखीच बसते. पण चुकीच्या पोर्टमध्ये बसली तर छपाई आणि स्कॅन सुरळीत चालू राहतात, फक्त फॅक्स जात नाही. ही चूक चाचणी तत्काळ दाखवते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही तिचे कौतुक करायला हवे.

डायल टोनच्या टप्प्यावर मात्र अहवाल अपुरा पडतो. तो फक्त टोन मिळाला नाही एवढेच सांगतो. अशा वेळी भिंतीवरच्या त्याच जागेत साधा फोन लावून ऐकावे. टोन अजिबात नसेल किंवा घरघर येत असेल, तर प्रिंटर निर्दोष आहे. टोन आहे पण तुटक येतो, असे असेल तर बहुधा व्हॉइसमेलमध्ये न ऐकलेला निरोप पडून असतो. माणसाच्या कानाला हा तुटक टोन चालतो, परंतु यंत्र त्याला डायल टोन मानत नाही आणि नंबर लावण्यास नकार देते. निरोप ऐकून काढून टाकला किंवा सेटिंगमधील डायल टोनची तपासणी बंद केली की काम होते. माहितीपुस्तिकेत हा उलगडा दोन ओळींत देता आला असता. तो नसल्यामुळे ग्राहक विनाकारण दुरुस्ती केंद्र गाठतो.

पुस्तिकेची खरी उणीव इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोन सेवेबाबत आहे. अशा घरगुती यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रुप ३’ या प्रकारच्या फॅक्सचे मानक १९८० साली ठरले आणि ते तारेवरून जाणाऱ्या आवाजासाठी बेतलेले आहे. यंत्र कागदावरील मजकुराचे ध्वनिसंकेतात रूपांतर करते आणि पलीकडचे यंत्र तो ध्वनी ऐकून पान उभे करते. इंटरनेटवरील फोन हाच ध्वनी लहान लहान पाकिटांत भरून पाठवतो. जी.७२९ सारखी पद्धत आवाज सेकंदाला ८ किलोबिटपर्यंत दाबते. त्यात बोलणे स्पष्ट ऐकू येते, पण मॉडेमचा संकेत टिकत नाही. जी.७११ मध्ये ६४ किलोबिट मिळतात आणि फॅक्स जाऊ शकतो, मात्र पाकिटे हरवली किंवा उशिरा पोहोचली तर पान मध्येच तुटते. यावरचा खास उपाय म्हणजे टी.३८, ज्यात ध्वनीऐवजी फॅक्सचा मजकूरच पाठवला जातो. त्यासाठी घरातील अडॅप्टर (साधा फोन इंटरनेट सेवेला जोडणारी डबी) आणि सेवा देणारी कंपनी या दोघांकडेही ती सोय असावी लागते. प्रिंटरमध्ये त्यासाठी कोणतेही बटण नसते, आणि म्हणूनच सेवा घेतानाच हा प्रश्न विचारून ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. पुस्तिका या सगळ्याबद्दल ‘वेग कमी करून पाहा’ एवढे एकच वाक्य लिहून थांबते.

तो सल्ला अपुरा असला तरी चुकीचा नाही. यंत्राचा सर्वाधिक वेग सेकंदाला ३३,६०० बिट आहे आणि तो १४,४०० किंवा ९,६०० पर्यंत खाली आणता येतो. दोन्ही यंत्रे सुरुवातीला चाचणी संकेताची देवाणघेवाण करून वेग ठरवतात, पण लाइन नंतर बिघडली तर त्या ठरावाचा उपयोग राहत नाही. पहिल्याच प्रयत्नात पोहोचलेला संथ फॅक्स हा तीनदा तुटलेल्या वेगवान फॅक्सपेक्षा कमी वेळ घेतो. सेटिंगच्या याच पानावर चूक-दुरुस्तीची सोय आहे. ती चालू असताना मजकुराचे लहान तुकडे केले जातात आणि बिघडलेले तुकडे पलीकडचे यंत्र पुन्हा मागून घेते. खराब लाइनवर ही मागणी वाढत जाऊन कॉल रेंगाळतो. ती बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने फॅक्स जातोही. परंतु ३३,६०० चा वेग चूक-दुरुस्तीशिवाय चालतच नाही, त्यामुळे ती बंद करताच वेगही आपोआप खाली येतो. बऱ्याचदा खरा गुण या मंदावलेल्या वेगाचा असतो. रकमा, खाते क्रमांक किंवा औषधांची मात्रा असलेला कागद पाठवायचा असेल तर आधी वेग कमी करावा आणि चूक-दुरुस्ती चालूच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारेच्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल, तर भिंत आणि प्रिंटर यांच्यामध्ये डीएसएल फिल्टर, म्हणजे ब्रॉडबँडचा संकेत फॅक्सपासून वेगळा ठेवणारी डबी, हवा. चाचणीत लाइनची स्थिती वाईट दिसली की पहिली नजर तिथे टाकावी. मध्ये लावलेले दुभाजक (स्प्लिटर) आणि वाढीव तारा काढून थेट जोडणी करून पाहणेही तितकेच उपयुक्त असते.

येणारे फॅक्स न मिळण्याचे कारण बहुधा रिंगच्या आकड्यात असते. त्याच लाइनवर आन्सरिंग मशीन असेल, तर प्रिंटर त्याच्यापेक्षा जास्त रिंगनंतर उत्तर देईल असे ठरवावे. आन्सरिंग मशीनने फोन उचलल्यावर प्रिंटर मुकाट्याने ऐकत राहतो आणि पाठवणाऱ्या यंत्राचा ११०० हर्ट्झचा, अर्धा सेकंद वाजून तीन सेकंद थांबणारा टोन ओळखला की कॉल स्वतःकडे घेतो. ध्वनिमुद्रित स्वागतसंदेश लांबलचक असेल तर त्या बोलण्यात टोन हरवतो. संदेश आटोपशीर ठेवून शेवटी काही सेकंद शांतता सोडली, की या यंत्राची ओळख चांगली काम करते.

पाठवलेल्या पानावर उभी काळी रेघ येत असेल तर त्याच फीडरमधून (कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागातून) साधी झेरॉक्स काढावी. रेघ तिच्यातही दिसली तर फीडरखालची काचेची अरुंद पट्टी पुसावी. झेरॉक्स स्वच्छ असेल तर लाइन किंवा पलीकडचे यंत्र तपासावे लागेल. बारीक अक्षरांसाठी फाइन दर्जा निवडावा, कारण साध्या दर्जात इंचाला ९८ ओळीच वाचल्या जातात आणि फाइनमध्ये १९६.

दोन तक्रारी उरतात. फॅक्सच्या नोंदवहीत प्रत्येक अपयशापुढे नुसता त्रुटी क्रमांक छापला जातो आणि त्याचा अर्थ पुस्तिकेत कुठेही दिलेला नाही. इतकी चांगली चाचणी देणाऱ्या यंत्राकडून ही हेळसांड अपेक्षित नव्हती. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. शाई किंवा कागद संपल्यावर आलेले फॅक्स यंत्र मेमरीत साठवते, पण वीज गेली की ते पुसले जातात, आणि पाठवणाऱ्याच्या अहवालात मात्र ‘पोहोचले’ अशीच नोंद राहते. ज्यांना महत्त्वाचे कागद फॅक्सने येतात त्यांनी आलेले फॅक्स संगणकावर साठवण्याची सेटिंग चालू करावी, किंवा वीज गेली तरी मेमरी टिकवणारे यंत्र घ्यावे. ज्यांना मुख्यतः कागद पाठवायचे असतात आणि ज्यांची लाइन तारेची आहे, त्यांना हे यंत्र घेण्याची शिफारस मी करतो.