साताऱ्यात मोडी वाचून घेण्याचा अनुभव: एक कागद, दोन वाचक

आजीच्या पत्र्याच्या पेटीत मोडीतले सहा कागद निघाले. आजोबांना मोडी यायची, वडिलांच्या वेळेपर्यंत ती शाळेतून गेलेली, आणि आम्हा भावंडांना कागदाची वरची बाजू कोणती हेही कळेना. घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता, त्यामुळे वाचून घेणं भागच होतं.

2023 च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांकडे गर्दी आहे. मी घाईत पहिल्यांदा जिथे गेले तिथे पानाला शंभर रुपये घेतले आणि चार दिवसांत टाइप केलेला सुबक कागद हातात दिला. कुठे अडखळणं नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही. त्यात आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढे ‘पाटील’ होतं. ‘आपल्याकडे पाटीलकी होती’ असं बाबा सांगायचेच. दादाने तो कागद फ्रेम करून लावला.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. कागदाच्या खाली नांगराच्या चित्राशेजारी एक लहानसं वर्तुळ होतं आणि लिप्यंतरात त्याचा उल्लेखच नव्हता. म्हणून मैत्रिणीने सुचवलेल्या, राजवाड्यामागे राहणाऱ्या गुरुजींकडे तोच कागद नेला. हे परीक्षण त्यांच्या कामाचं आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही.

गुरुजी मूळ कागद ठेवून घेत नाहीत. खिडकीपाशी, उन्हाच्या उजेडात, आपल्यासमोर दोन्ही बाजूंचे फोटो काढतात आणि कागद परत देतात. एका कागदाला मी चिकटपट्टी लावली होती. ती पाहून त्यांना खरंच वाईट वाटलं. ‘ताई, लॅमिनेशन नाही केलंत हे नशीब,’ म्हणाले. दर पानाला अडीचशे. अक्षर फार किचकट असेल तर जास्त, पण ते आधी सांगतात.

त्यांनी दिलेलं काम असं: डावीकडे ओळीला ओळ देवनागरी, उजवीकडे आजच्या मराठीत अर्थ. फाटलेल्या जागी टिंबं, शंका असेल तिथे चौकटी कंस. आमच्या एका कागदावर असे अकरा कंस आहेत. मला ते अकरा कंस फार मोलाचे वाटतात, कारण त्यामुळे बाकीच्या अक्षरांवर विश्वास ठेवता येतो.

पाटीलकीचं त्यांनी कागदावर बोट ठेवून दाखवलं. मोडीत शब्द सुटे नसतात, पूर्णविराम नसतो, लेखणी न उचलता ओळ धावत जाते. आमच्या खापरपणजोबांचं नाव संपतं आणि लगेच पुढच्या साक्षीदाराचं सुरू होतं: ‘पाटील मौजे मजकूर’, म्हणजे याच गावचे पाटील. ते पद त्या साक्षीदाराचं. पहिल्या वाचकाने ते मागच्या नावाला जोडलं होतं.

आणि ते वर्तुळ म्हणजे बांगडी. लिहिता न येणारे कुणबी सहीऐवजी नांगर काढत, बायका बांगडी. वर पहिल्याच ओळीत एका बाईचं नाव आहे, मग ‘कोम’, मग नवऱ्याचं नाव. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. पहिल्या लिप्यंतरात ‘कोम’चा अर्थ ‘जात’ लावून बाई गाळलीच होती. ती आमच्या खापरपणजोबांची आई. तिने आणि मुलाने मिळून विहिरीकडचं शेत गहाण टाकलं होतं. घराण्यांच्या पिढ्या सांगत गावात येणाऱ्या हेळव्याने म्हटलेली नावं आईने वहीत उतरवून ठेवली आहेत. त्यात आठ पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. गुरुजींनी तिचं नाव मोठ्याने वाचलं तेव्हा मला रडू आलं. पाण्याचा तांब्या पुढे करून ते गप्प बसून राहिले.

तारखेचंही तसंच. शके 1789, त्यात 78 मिळवून आधीच्या लिप्यंतरात 1867 लिहिलं होतं. गुरुजींनी तिथी पाहिली: पौष वद्य पंचमी. म्हणजे इसवी सनाचं जानेवारी लागलेलं, 1868. कागदावर फसली, म्हणजे महसुली साल, 1277 असंही होतं. त्याच्याशी ते जुळतं का हेही त्यांनी ताडून पाहिलं. फसलीत 590 मिळवले की 1867, पण ते साल मृगाला सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतं.

दादा दोन दिवस बोलला नाही. ‘बाबा सांगायचे ते काय खोटं व्हय?’ एवढंच म्हणाला. मग स्वतः जाऊन गुरुजींना भेटला, तासभर बसला. फ्रेम अजून भिंतीवर आहे, फक्त आतला कागद बदललाय.

कमी काय? वेळ. तीन आठवडे सांगितले, सात लागले, आणि मध्ये त्यांनी स्वतःहून एकदाही कळवलं नाही. अर्थ हाताने लिहितात, तो मला टाइप करून घ्यावा लागला. तहसीलमधून काढलेल्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, चार नकलाही त्यांनी वाचून दिल्या, पण जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच होतं. पुढचा शोध पुण्याच्या पुराभिलेखागारात घ्या, म्हणाले. कोणत्या तालुक्याचे कागद आणि कोणती सालं मागायची, तेही एका चिठ्ठीवर लिहून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

जाणार असाल तर सकाळी जा, उजेड चांगला असतो. घरात ऐकलेली कहाणी आधी सांगू नका. मी सांगायला लागले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं होतं, ‘आधी वाचू द्या.’