किवाचं पुठ्ठ्याचं किट: छप्पर झकास, पुस्तिका मात्र तपासून घ्या

सीताबर्डीत सध्या अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या प्राचीन प्वेब्लो लोकांच्या 'किवा'चं पुठ्ठ्याचं किट साडेसहाशेला मिळतंय. किवा म्हणजे जमिनीत खोदून दगडांनी बांधलेली गोल विधिशाला. छपरातल्या चौकोनी तोंडातून शिडीने आत उतरायचं. किट 1:25 प्रमाणाचं, व्यास 16 सेंमी, म्हणजे मूळ खोली 4 मीटरची. घडण त्यांच्या मेसा व्हर्डी या ठिकाणची, पण झाकणावर चित्र दुसऱ्याच, चाको खोऱ्यातल्या प्वेब्लो बोनितो या वस्तीचं! त्याच खोऱ्यातली मोठी किवा, कासा रिंकोनाडा, साधारण 19 मीटर व्यासाची आहे आणि तिचं छप्पर चार खांबांवर होतं. याच प्रमाणात केली तर 76 सेंमीची होईल, जेवणाचं टेबल अडेल.

पैसे वसूल होतात ते छपरात. भिंतीलगतच्या ओट्यावर सहा खांबोट्या आहेत. पहिल्या थराच्या काड्या शेजारशेजारच्या खांबोट्यांवर टेकवल्या की षटकोन होतो. दुसऱ्या थराची काडी खालच्या दोन काड्यांच्या मध्यांवर, कोपरा कापत ठेवायची. दोन टेकूंमधलं अंतर पहिल्या थरात 7 सेंमी, दुसऱ्यात 6, पाचव्यात जेमतेम 4. घेर आपोआप आत येत जातो. काडी काडीच्या बरोब्बर डोक्यावर ठेवली तर घुमट न होता विहिरीचा कठडा उभा राहतो. काड्या मोजून 30 दिल्यात, एकही जास्तीची नाही. चार-दोन मोडणारच, तेव्हा खराट्याच्या जाड काड्या जवळ ठेवा. वरून माती सपाट लिंपा, कारण किवाचं छप्पर हेच वरचं अंगण असायचं.

पुस्तिकेत दोन चुका आहेत. ओटा चौथ्या पायरीला आणि हवेचा बोगदा सहाव्या पायरीला सांगितलाय. ओटा आधी चिकटला की बोगद्याचं तोंड बुजतं, म्हणून सहावी पायरी आधी करा. दुसरी चूक म्हणजे आडभिंत चुलीच्या पलीकडे दाखवलीय. खरा क्रम एका ओळीत असा: झरोका (म्हणजे बोगद्याचं तोंड), आडभिंत, चूल, मग सिपापू. सिपापू म्हणजे पूर्वज खालच्या जगातून वर आले त्या जागेची खूण असलेलं जमिनीतलं छोटं भोक. चुलीचा धूर वरच्या तोंडातून निघाला की बोगद्यातून ताजी हवा आत ओढली जाते. आडभिंतीवर आपटून ती दोन्ही बाजूंना पसरते, जाळावर थेट येत नाही. कूलर लावला तरी समोरची खिडकी उघडी लागतेच ना, तसंच. वरचं तोंड झाकलं की हवा थांबली.

पत्रकात किवाला 'थडगं' म्हटलंय, हे मात्र चालणार नाही. काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं दफनाची आहेत, म्हणून गोल दगडी दिसलं ते थडगं असा घोळ झाला असावा. होपी आणि झुनी या आजच्या प्वेब्लो लोकांच्या गावांत किवा आजही विधींसाठी वापरात आहेत.

भिंतीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीचे धागे आडवे कापलेत. ती गोल होताना दुमडते, तिथेच चीर पडते. बाटलीभोवती हळूहळू वळवा, फेविकॉल पातळ लावा, रबर बँड तासभर राहू द्या. तेवढा वेळ कूलर बंद ठेवा, दमट हवेत सांधा उकलतो. दुमडलेली पट्टी दुकानदार बदलून देतो, काड्या देत नाही.