मागणीनुसार ताणून मिळणारा कॅनव्हास: दादरमधील एका दुकानाच्या कामाविषयी

तैलचित्रासाठी कॅनव्हास ताणून आणि अस्तर (रंगाखालचा पायाचा लेप) लावून देणारे एक लहान दुकान दादरमध्ये आहे. तेथून मी गेल्या हिवाळ्यात ३० × ४० इंचांचे दोन कॅनव्हास करून घेतले, एक लिननचा आणि एक डकचा, म्हणजे घट्ट विणीच्या जाड सुती कापडाचा. मुंबईत कॅनव्हासची खरी परीक्षा पावसाळ्यात होते, म्हणून तो संपेपर्यंत अभिप्राय लिहिण्याचे मी थांबवले होते.

सर्वाधिक समाधान वाटले ते चौकटीचे. स्वस्तातल्या तयार कॅनव्हासच्या चौकटी बहुधा कोपऱ्यांत कायमच्या पक्क्या केलेल्या असतात, त्यामुळे कापड सैल पडले की ते उखडून पुन्हा ताणण्यावाचून गत्यंतर नसते. येथे कोपऱ्यांचे सांधे खाचेचे आणि सरकते आहेत, आणि प्रत्येक कोपऱ्यासाठी दोन याप्रमाणे आठ लाकडी पाचरी सोबत मिळतात. ऑगस्टमध्ये लिननला मध्यभागी झोल येऊ लागला, तेव्हा या पाचरी लहान हातोडीने आळीपाळीने हलकेच ठोकताच ताण परत आला. पट्ट्यांची पुढची बाजू आतल्या अंगाला उतरती तासलेली असल्यामुळे कापड फक्त बाहेरच्या धारेवर टेकते. हा उतार नसेल तर ब्रशच्या दाबाने कापड आतल्या कडेला लागत राहते आणि पुढे चित्रावर चौकटीची रेघ उमटते. दोन्ही कर्ण मी टेपने मोजून पाहिले, ते सारखे भरले.

कापड ताणण्याचे काम उभे राहून पाहता आले. कारागिराने आधी उभे-आडवे धागे पट्ट्यांना समांतर लावून घेतले, चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारली आणि मग रुंद तोंडाच्या पकडीने कापड ओढत, समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून घेत, तो मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकत गेला. एका टोकापासून सरळ ठोकत गेल्यास विणीत लाटा पडतात, आणि त्या अस्तराखालीही लपत नाहीत. पिना स्टेनलेस स्टीलच्या वापरल्या, हे विशेष नमूद करावेसे वाटते, कारण समुद्राकाठच्या हवेत लोखंडी खिळे गंजतात आणि तो गंज कापड खातो. कोपऱ्यांवर कापड न कापता घडी घातली आहे आणि मागे दोन बोटे कापड राखले आहे, म्हणजे पुढे कधी पुन्हा ताणायची वेळ आली तर पकडीला धरायला जागा राहील.

तैलरंगातले जवसाचे तेल थेट कापडात मुरले तर धागे कालांतराने ठिसूळ होतात, म्हणून अस्तराआधी कापडाला सरस किंवा तत्सम लेप द्यावा लागतो. दुकानदारांनी सशाच्या कातड्याचा सरस हवा की पीव्हीए (पांढऱ्या फेविकॉलसारखा कृत्रिम डिंक), असे आपणहून विचारले. पहिला युरोपात शतकानुशतके वापरात असला, तरी तो हवेतला ओलावा शोषून फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि या ओढाताणीत वरच्या रंगाला भेगा पडतात; आपल्या हवेसाठी पीव्हीएच योग्य, हे त्यांचे मत मला पटले.

अस्तराविषयी मात्र तक्रार आहे. ॲक्रिलिक जेसोचे (अस्तरासाठीच्या लेपाचे) थर लिननवर इतके घासून गुळगुळीत केले आहेत की विण जवळजवळ बुजली आहे, आणि लिननला जास्त पैसे मोजायचे ते त्या पोतासाठीच. सुती कॅनव्हासवर पुढचा भाग उत्तम झाला, पण डाव्या कडेवर थर पातळ राहिला. तेथे तेल झिरपून मागच्या बाजूला बोटभर लांबीचा पिवळसर डाग दिसतो. दुकानदारांनी तो पाहून कड पुन्हा लेपून देण्याची तयारी दाखवली, परंतु तैलरंगावर ॲक्रिलिक नीट धरत नाही, त्यामुळे रंगवून झालेल्या कॅनव्हासला त्याचा उपयोग नाही. मागणी देतानाच थर किती हवेत, किती घासायचे आणि चारही कडा पूर्ण लेपायच्या, हे लिहून द्यावे.