लकव्याचं सेशन – फुकट आहे म्हणून टाळू नका

आमच्या नाशकातल्या इंदिरानगरच्या सोसायटीत रविवारी एका खाजगी हॉस्पिटलवाल्यांनी घरच्यांसाठी लकव्याबद्दल माहितीचं सेशन ठेवलं होतं. वाटलं बीपी शुगर बघतील, पॅकेजचं पॅम्प्लेट देतील आणि चहा पाजून मोकळे होतील. पॅम्प्लेट दिलंच म्हणा, पण बाकीचं लय कामाचं निघालं.

डॉक्टर ठीकच, खरी मजा आणली सिस्टरांनी. पहिल्या रांगेतल्या एका आजींना उभं केलं आणि नातवाला म्हणाल्या, चल आता आजीला तपास. हसायला सांग, तोंड एका बाजूला जातंय का बघ, दोन्ही हात समोर धरायला लाव, एक खाली घसरतोय का, एखादं वाक्य बोलायला लाव, जीभ जड येतेय का. यातलं एक जरी अचानक झालं तरी आधी घड्याळ बघायचं नि १०८ ला फोन. घड्याळ कशाला, तर मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास मोजतात माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून, म्हणजे रात्री १० ला नीट झोपला आणि सकाळी ६ ला तोंड वाकडं दिसलं तर मोजणी १० पासून. तरी न्यायचंच, काही पेशंटची गुठळी २४ तासांपर्यंत नसेतून तार घालून काढता येते. दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी न्यायचं.

एका काकांनी विचारलं, तोवर घरातली ॲस्पिरिन द्यायची का? अजिबात नाही. मेंदूत रक्तस्राव असेल तर अजून बिघडतं आणि ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीसुद्धा पाजायचं नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातं. आपल्याकडे आधी नाकाला कांदा, मग तेल चोळणं, मग कुणीतरी म्हणणार वारं गेलंय, अमक्या गावाला औषध देतात, की निघाली गाडी तिकडं. सिस्टरांनी यावर सगळ्यांना चांगलं झापलं, बरं झालं.

आता तक्रारी. स्लाइड्स सगळ्या इंग्लिशमध्ये, आजींनी काय वाचायचं? आणि रात्री दोनला सीटी नि ते इंजेक्शन नाशकात कुठे कुठे मिळतं हे विचारलं तर फक्त स्वतःच्या हॉस्पिटलचं नाव. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला जवळचं कोणतं ते नको का कळायला?

पाचपैकी चार स्टार. तुमच्याकडे ठेवणार असाल तर संध्याकाळी ठेवा, सकाळी पोरं क्लासला असतात, आणि मराठी पोस्टर आधीच मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.